बाटलीचं रॉकेट: बांधणं, उडवणं आणि अख्खं परत आणणं

दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीत ६०० मिली पाणी, वर ४ बार दाबाची हवा आणि खाली उघडं तोंड. एवढ्यावर पाव किलोचं रॉकेट पंधरा मजली इमारतीएवढं, म्हणजे ४०-४५ मीटर वर जातं. पाणी बाहेर पडायला सेकंदाचा दहावा भागसुद्धा लागत नाही. तेवढ्या वेळात रॉकेट ताशी सव्वाशे किलोमीटरच्या घरात पोचतं. वर जायला जेमतेम तीन सेकंद आणि नंतर खाली येणं आहेच. पॅराशूट उघडलं तर ते सावकाश येतं, नाहीतर ताशी ८०-८५ किलोमीटरने नाकावर आपटतं. म्हणून उडवणं हा यातला सोपा भाग आहे. कष्ट लागतात ते रॉकेट परत आणायला, आणि या लेखातली निम्मी जागाही त्यालाच दिली आहे.

आधी फटाक्याच्या दारूवर उडणाऱ्या रॉकेटबद्दल, कारण नवखा माणूस पहिल्यांदा तेच विचारतो. अमेरिकेत छंदाच्या रॉकेटसाठी कागदी नळीतली तयार मोटर दुकानात मिळते. तिच्यावर ‘सी ६-५’ असं काहीतरी छापलेलं असतं. ‘सी’ म्हणजे एकूण आवेग (जोर गुणिले तो टिकण्याचा वेळ) ५ ते १० न्यूटन-सेकंद, ६ म्हणजे सरासरी जोर ६ न्यूटन आणि ५ म्हणजे जळण संपल्यावर पाच सेकंदांनी पॅराशूट बाहेर ढकललं जाणार. तिकडे राहणाऱ्यांनी त्या तयार मोटरीच वापराव्यात. भारतात घरी दारू किंवा साखर-सोऱ्याचं इंधन बनवणं हा १८८४ चा स्फोटकांचा कायदा आणि २००८ चे नियम यांच्या कक्षेत येणारा विषय आहे, आणि बोटं जायची ती कायद्याची वाट न बघता जातात. दिवाळीचे बाण फोडून मसाला काढणं तर अजिबात नको. पाण्याच्या रॉकेटमध्ये स्थिरता, वजनाचा तोल, वारा, पॅराशूट हे सगळे प्रश्न तेच येतात, फक्त आग नसते.

बाटली निवडताना

फसफसणाऱ्या पेयाचीच बाटली घ्या. पाण्याची किंवा ज्यूसची बाटली पातळ असते आणि ती दाब धरायला बनवलेली नसते. २ किंवा सव्वादोन लिटरची चालेल, पण अंग सरळ हवं. कंबर आत गेलेल्या नक्षीदार बाटलीवर पंखे (रॉकेट सरळ ठेवणारी शेपटीकडची पाती) नीट बसत नाहीत. एकाच आकाराच्या तीन बाटल्या जमवा. एक टाकी होईल, दुसरीचं पंख्यांचं आवरण आणि तिसरीचं नाक व पॅराशूटचा कप्पा.

टाकीच्या बाटलीला पाचच नियम, पण ते मोडायचे नाहीत. तिला कापायचं नाही, भोक पाडायचं नाही, पॉलिश पेपर लावायचा नाही, हॉट ग्लू लावायचा नाही आणि थिनर किंवा पेट्रोलने पुसायची नाही. बाटलीचं पेट (PET) प्लास्टिक ७० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि हॉट ग्लू त्याहून खूप गरम असतो. तो लागला तिथे बाटली आकसते आणि दाब आल्यावर तिथूनच जाते. फेविक्विकसारख्या गोंदाने प्लास्टिक पांढरं आणि ठिसूळ पडतं. लेबल पाण्यात भिजवून काढा, उरलेला चिकटा खोबरेल तेलाने निघतो. मे महिन्यात बाटल्या गाडीच्या डिकीत ठेवून मैदानावर नेल्या तर त्या तिथेच वेड्यावाकड्या होऊ शकतात.

लाँचर: खरं काम इथे

लाँचर म्हणजे बाटली उलटी धरून ठेवणारा, तिच्यात हवा भरू देणारा आणि दोरी ओढली की तिला सोडणारा सांगाडा. बाटलीच्या तोंडाचा आतला व्यास साधारण २१.७ मिमी असतो. नळकामात वापरतात त्या पांढऱ्या अर्धा इंची यूपीव्हीसी पाइपचा बाहेरचा व्यास असतो २१.३ मिमी. पाइप तोंडात अलगद सरकतो, हा या छंदाच्या पथ्यावर पडलेला योगायोग. दुकानदाराला ‘अर्धा इंची’ एवढंच सांगू नका, कारण अर्धा इंची सीपीव्हीसी (पिवळसर, गरम पाण्याचा) जेमतेम १६ मिमीचा असतो आणि पाऊण इंची सीपीव्हीसी २२ मिमीच्या वर, म्हणजे तोंडात जाणारच नाही. बाटली घेऊनच हार्डवेअरच्या दुकानात जा आणि घालून बघा. जाड भिंतीचा, शेड्यूल ८० चा पाइप मिळाला तर तोच घ्या.

लागणारं सामान असं:

- अर्धा इंची यूपीव्हीसी पाइप १ मीटर, एक कपलर, एक एल्बो, दोन टी, एक एंड कॅप, आट्यांचे अडॅप्टर, सोल्यूशन (पाइप जोडायचा गोंद)
- ओ-रिंग (रबरी गोल कडी), आतला व्यास १८ मिमी, जाडी २ मिमी. पाच-सहा आणा, हरवतात
- केबल टाय १२, रुंदी ४.८ मिमी, लांबी २०० मिमी
- कॉलरसाठी ४० मिमीच्या पातळ पीव्हीसी पाइपचा ३ सेंमी तुकडा (ठिबकवाल्याकडे उरलेले तुकडे पडलेले असतात)
- शेतातल्या फवारणी पंपाचा हाय-प्रेशर पाइप ६ मीटर, दोन पितळी होज निपल, चार होज क्लॅम्प
- मोटारसायकलच्या टायरचा ट्यूबलेस व्हॉल्व्ह, पंक्चरवाल्याकडून
- ० ते ७ किलोचा (म्हणजे साधारण ७ बारचा) प्रेशर गेज, अर्धा इंची बॉल व्हॉल्व्ह, टेफ्लॉन टेप
- ३० × ३० सेंमी प्लायवूड, खाली दोन लाकडी पट्ट्या, ६ मीटर सुतळी, चार लोखंडी खुंट्या
- गेज असलेला उभा हातपंप

पाइपचा २४ सेंमी तुकडा कापा आणि कपलरमध्ये सोल्यूशनने बसवा. कपलरच्या वर २२ सेंमी उरला पाहिजे. बाटली उलटी बसली की तिचं तोंड या कपलरच्या कडेवर टेकणार. कपलरपासून १० मिमी वर पाइपला सगळीकडून १.५ मिमी खोल खाच घालायची आहे. लेथवाला ओळखीचा असेल तर दोन मिनिटांचं काम. नसेल तर पाइपवर कागदी पट्टी गुंडाळून सरळ रेघ मारा आणि लहान गोल कानस लावून पाइप फिरवत राहा. एकाच जागी घासलं तर खाच अंडाकृती होते आणि गळती तिथूनच सुरू होते. खाचेत ओ-रिंग बसवली की ती पाइपच्या बाहेर अर्धा मिलिमीटर डोकावली पाहिजे. बाटली दाबून बसवताना थोडा जोर लागला आणि ‘पक्’ असा आवाज आला तर काम जमलं.

आता पकड. बाटलीच्या आट्यांखाली जाड कडं असतं, ते धरून ठेवायचं आहे. बाटली पाइपवर उलटी बसवा. बारा केबल टाय कपलरभोवती उभे लावा, डोकी वर आणि डोक्यांची फुगीर बाजू आत. प्रत्येक डोकं कड्याच्या वरच्या बाजूला अडकलं पाहिजे. आधी चिकटपट्टीने धरून ठेवा, सगळी डोकी एका पातळीत आहेत ना ते बघा, मग कपलरच्या अगदी खालच्या टोकाला होज क्लॅम्प आवळा. उरलेल्या शेपट्या कापून टाका. क्लॅम्प वर घेतला तर कॉलरला खाली सरकायला जागाच राहत नाही. ही चूक नव्याने बांधणारे हमखास करतात. ४० मिमी पाइपचा तुकडा म्हणजेच ही कॉलर. ती टायच्या डोक्यांवर चढली की डोकी बाहेर फाकू शकत नाहीत आणि बाटली अडकून राहते. दोरीने कॉलर खाली ओढली की बारा डोकी एकदम फाकतात आणि बाटली सुटते. ४ बारला तोंडावर साधारण १५ किलोचा जोर येतो, बारा टायना तो काहीच नाही.

कॉलर घट्ट असेल तर आतून घासा, सैल असेल तर आतून इन्सुलेशन टेपचा एक वेढा. समोरासमोर दोन भोकं पाडून दोन्हींतून दोरी घ्या, म्हणजे ओढताना ती तिरकी होणार नाही. जुन्या बाटल्यांची मान नव्या बाटल्यांपेक्षा तीन-चार मिलिमीटर लांब असते. एका प्रकारावर बेतलेले टाय दुसऱ्याला लागत नाहीत, म्हणून लाँचर कुठल्या बाटलीसाठी आहे ते प्लायवूडवर लिहून ठेवा.

कपलरच्या खालून पाइपचा तुकडा प्लायवूडमधून आरपार न्या आणि खाली एल्बो लावा. त्याला आट्यांचा अडॅप्टर, होज निपल, मग फवारणीचा पाइप. त्याच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे तुमच्या हाताशी, दोन टी जोडून तीन फाटे काढा: एकावर गेज, एकावर बॉल व्हॉल्व्ह आणि एकावर एंड कॅप. कॅपला ११.५ मिमी भोक पाडून ट्यूबलेस व्हॉल्व्ह आतून बाहेर ओढून बसवा. भोक मोठं झालं तर रबर धरत नाही. तेव्हा आधी १० मिमीचा ड्रिल आणि मग कानस. पंप या व्हॉल्व्हला लागणार.

बॉल व्हॉल्व्हवर पैसे वाचवायचा मोह होतो. वाचवू नका. दोरी तुटली, कॉलर अडकली, मैदानात कुणाचं पोर धावत आलं, अशा वेळी सहा मीटरवरून हवा सोडून देण्याचा तो एकमेव मार्ग आहे.

सोल्यूशनचे जोड २४ तास तसेच ठेवा. पीव्हीसी पाइप पाण्यासाठी बनलेला आहे, दाबाच्या हवेने फुटला तर त्याच्या चिरफळ्या उडतात. म्हणून पाइपची लांबी कमीत कमी ठेवा, उघड्या भागावर डक्ट टेपचे दोन थर द्या, ४ बारच्या वर जाऊ नका आणि उन्हात वर्षभर पडलेला पाइप वापरू नका.

पाण्याने चाचणी

टाकीची बाटली काठोकाठ पाण्याने भरून लाँचरवर बसवा. होजमध्येही पाणी जाऊ द्या. मग पंपाने ६ बारपर्यंत न्या आणि पाच मिनिटं ठेवा. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे बाटली फुटली तरी पाणी सांडतं आणि काम संपतं. तेवढ्याच दाबाला हवेने भरलेली बाटली फुटली तर कानठळ्या बसतात आणि तुकडे उडतात. म्हणून रिकाम्या बाटलीत नुसती हवा भरून ‘बघू किती टिकते’ असला प्रयोग कधीच नको. चाचणीतही सहा मीटरवर उभं राहा.

गळती दिसली तर ती बहुतेक तीनपैकी एका जागी असते. ओ-रिंगच्या खाचेत बुरा राहिलाय, बाटलीच्या तोंडाची कड टोचली गेलीय, किंवा आट्यांवर टेफ्लॉन टेप उलट्या दिशेने गुंडाळलीय. साबणाचं पाणी लावा, बुडबुडे जागा दाखवतात.

रॉकेटचं अंग

दुसऱ्या बाटलीचा सरळ भाग १५ सेंमी कापून नळकांडं करा. हेच पंख्यांचं आवरण. यावर दाब येत नाही, त्यामुळे इथे हॉट ग्लू, स्टेपलर, भोकं, सगळं चालतं. पंख्यांसाठी ३ मिमीचं सनपॅक उत्तम. निवडणुकीचे जुने फलक याचेच असतात. पंखे तीन किंवा चार. प्रत्येकाची अंगाला लागणारी बाजू १२ सेंमी, बाहेरची ६ सेंमी, अंगापासून बाहेर ८ सेंमी. सनपॅकच्या आतल्या नळ्या अंगापासून बाहेरच्या दिशेने येतील असं कापा. उलट कापलं तर पंखा वाऱ्यात लवतो आणि फडफडतो. नळकांड्याभोवती दोरा गुंडाळून परिघ मोजा, तीन किंवा चार समान भाग करा. पंखा सरळ लावण्यासाठी दरवाज्याच्या चौकटीचा कोपरा वापरा: नळकांडं कोपऱ्यात टेकवून रेघ मारली की ती उभ्या अक्षाला समांतरच येते. एखादा पंखा दोन-तीन अंश तिरका बसला तर रॉकेट गिरक्या घेत जातं आणि उंची कमी होते.

आवरण टाकीवर चढवताना टाकीची बाटली आतून हवा ओढून किंचित चेपा, आवरण सरकवा, मग तोंडाने फुंकून ती पुन्हा फुगवा. घट्ट बसतं. वरून इन्सुलेशन टेप ताणून लावा. दाबाखाली बाटली थोडी फुगते, कागदी चिकटपट्टी अशा वेळी फाटते.

तिसऱ्या बाटलीचा खांदा म्हणजे नाक, आणि तिचा १५ सेंमी सरळ भाग म्हणजे पॅराशूटचा कप्पा. नाकाच्या टोकाला स्पंजचा चेंडू अर्धा कापून चिकटवा. टोकदार किंवा लाकडी काही लावायचं नाही. आत वजन म्हणून ५० ग्रॅम मऊ क्ले दाबून बसवा. शाडू माती हाताशी असते, पण ती वाळून दगड होते, आपटल्यावर फुटते आणि लागलीच कुणाला तर डोकं फोडते.

सगळं मिळून २२०-२५० ग्रॅम होईल. ३०० च्या वर गेलं तर टेप कमी करा. टेपच सगळ्यात जास्त वजन खाते, हे तराजूवर ठेवल्याशिवाय पटत नाही.

आता तोल. पॅराशूटसह, पाण्याशिवाय रॉकेट आडवं धरून दोरीच्या फासात लटकवा. जिथे ते समतोल राहील तो गुरुत्वमध्य, तिथे खूण करा. मग रॉकेटची बाजूने दिसणारी आकृती पुठ्ठ्यावर काढून, कापून, तो पुठ्ठा बोटावर तोला. हा झाला हवेच्या दाबाचा मध्य (उडताना बाजूच्या हवेचा जोर जिथे एकवटतो ती जागा), ढोबळ पण सुरक्षित बाजूचा. गुरुत्वमध्य त्याच्या पुढे, नाकाच्या बाजूला, निदान एका बाटलीच्या व्यासाएवढा म्हणजे ११ सेंमी हवा. कमी पडला तर नाकात १० ग्रॅम क्ले वाढवा आणि पुन्हा तोला. पंखे मोठे करण्यापेक्षा हे बरं. शेवटी गुरुत्वमध्यावर ३ मीटर दोरी बांधून मोकळ्या जागी रॉकेट डोक्याभोवती गोफणीसारखं फिरवा. नाक पुढे ठेवून फिरलं तर उडेल. आडवं किंवा उलटं फिरत राहिलं तर आकाशातही तसंच करेल.

पॅराशूट

पाव किलो वजनाला ६० सेंमी व्यासाचं पॅराशूट पुरतं. त्यावर रॉकेट सेकंदाला साडेचार मीटरने उतरतं. याहून मोठं केलं तर ते वाऱ्याबरोबर शेजारच्या गावात जातं, लहान केलं तर पंखे मोडतात.

कचऱ्याची मोठी, पातळ पिशवी घ्या. रंग नारिंगी किंवा लाल, काळी नको, कारण वर बघताना आणि गवतात शोधताना दोन्हीकडे रंगच कामाला येतो. पिशवी चौकोनी कापून तीनदा घडी घाला, कागदी फुलं कापतो तशी, आणि अष्टकोन काढा. आठही कोपऱ्यांवर दोन्हीकडून टेप, मग पंचने भोक. मध्यभागी ५ सेंमीचं गोल भोक ठेवा. ते नसेल तर साठलेली हवा कधी या कडेने तर कधी त्या कडेने निसटते आणि रॉकेट घड्याळाच्या लंबकासारखं झुलत उतरतं. दोऱ्या आठ, प्रत्येकी ७० सेंमी, जाड शिलाईचा नायलॉन दोरा. मांजा नको, तो पिशवी कापतो आणि बोटंही. आठही दोऱ्यांची टोकं मासे पकडायच्या गळाला लावतात त्या छोट्या स्विव्हलला बांधा, म्हणजे रॉकेट फिरलं तरी दोऱ्यांना पीळ पडत नाही. स्विव्हलपासून रॉकेटपर्यंत दीड मीटर नाडीचं इलॅस्टिक. ते कप्प्याच्या आत भोकातून ओवून, मागे बटण लावून गाठ मारा. नुसती टेप उखडते.

घडी घालण्यात आळस नको. पॅराशूट छत्रीसारखं मिटवा, टाल्कम पावडर शिंपडा (दमट हवेत प्लास्टिक प्लास्टिकला चिकटतं, कोकणात तर हमखास), तीन मडपं करा, मग दोऱ्या झिगझॅग पद्धतीने वर ठेवा. दोऱ्या पॅराशूटभोवती गच्च गुंडाळल्या की ते उघडतच नाही. घडी उड्डाणाच्या आधी दहा मिनिटं घाला, आदल्या रात्री नाही.

ते उघडायचं कसं

सोपी वाटणारी पद्धत म्हणजे नाक सैल ठेवायचं, वर गेल्यावर ते आपोआप पडेल. ते भरवशाचं नाही. पाणी संपताच हवेचा विरोध रुंद अंगाला मागे ओढतो, जड नाक मात्र पुढे जायला बघतं आणि दहा मीटरवरच सुटतं. ताशी शंभर किलोमीटरला पॅराशूट उघडलं की चिंध्या. नाक घट्ट केलं तर सुटतच नाही. मधली जागा सापडते, पण रोज वेगळी.

त्यापेक्षा चावीचं खेळणं बरं. जत्रेत मिळणारा चालणारा बेडूक किंवा रोबो उघडला की आत काड्यापेटीच्या निम्म्या आकाराची चावीची डबी असते. पाय ज्या दांड्यावर बसलेले असतात तो दांडा सावकाश फिरतो. हाच आपला टायमर.

पॅराशूटच्या कप्प्याला बाजूने ९ × १० सेंमीची खिडकी कापा. तोच तुकडा एका बाजूने टेपच्या बिजागरीवर लावा. दार बंद ठेवणारं रबरबँड अंगाभोवती फिरवून एका दोऱ्याच्या फासात अडकवा आणि तो दोरा टायमरच्या दांड्यावर तीन-चार वेढे गुंडाळा. दांडा फिरला की वेढे सुटतात, शेवटचा वेढा गेला की फास निसटतो आणि दार उघडतं. पॅराशूटच्या मागे बाटलीच्या प्लास्टिकची रुंद पट्टी कमान करून ठेवा, दार उघडताच ती पॅराशूट बाहेर फेकते. ही कमान नसेल तर दार उघडतं आणि पॅराशूट आत बसून राहतं.

दांडा अडवून ठेवायला एक टाचणी, आणि तिला अर्धा मीटर दोरा, दुसरं टोक लाँचरला बांधलेलं. रॉकेट उठलं की टाचणी उपसली जाते आणि वेळ सुरू होते. ४ बारच्या उड्डाणाला वर पोचायला २.८ सेकंद लागतात, म्हणून टायमर ३ सेकंदांवर लावा. अर्धा सेकंद उशीर चालतो, लवकर चालत नाही. टेबलावर स्टॉपवॉच घेऊन दहा वेळा तपासा. दहापैकी एकदाही अडकला तर चावीची डबी बदला, तेल घालून नाद करू नका. तेलाला धूळ चिकटते आणि पुढच्या वेळी नक्की अडकतो.

दहा-पंधरा यशस्वी उड्डाणांनंतर ज्यांना पुढे जायचं असेल त्यांनी सर्व्हो मोटर आणि दाबमापक सेन्सरकडे वळावं. आधी नाही. सोल्डरिंग सुटलेलं रॉकेटही नाकावरच पडतं.

मैदानावर

निदान १०० × १०० मीटर मोकळी जागा हवी. कापणी झालेलं शेत उत्तम, शाळेचं मैदान सुट्टीच्या दिवशी आणि परवानगी घेऊन. विजेच्या तारा, रस्ता, विमानतळ किंवा हेलिपॅड जवळ असेल तर जागा बदला. वेळ सकाळी सातची. दहानंतर वारा उठतो.

वाऱ्याचं गणित साधं आहे. चढताना रॉकेट वाऱ्याच्या तोंडाकडे वळतं, उतरताना पॅराशूट वाऱ्याबरोबर जातं. सेकंदाला ३ मीटर वारा असेल तर नऊ-दहा सेकंदांच्या उतरण्यात ते तीसेक मीटर वाहत जाईल. लाँचर मैदानाच्या मधोमध न ठेवता जिकडून वारा येतो त्या अंगाला थोडा सरकवा. झाडाची पानं सतत सळसळत असतील तर त्या दिवशी चहा पिऊन घरी जा.

भरण्याची रीत: बाटलीत मापाने ६०० मिली पाणी. लाँचर आडवा पाडा, बाटलीही आडवी धरा. एवढं पाणी आडव्या बाटलीत तोंडाच्या जरा खालीच राहतं, त्यामुळे सांडत नाही. ओ-रिंगला साबणाच्या पाण्याचा हात लावून बाटली पाइपवर सरकवा, टायची डोकी कड्यावर बसवा, कॉलर चढवा आणि तिच्याखाली कपड्यांचा चिमटा लावा, म्हणजे ती घसरणार नाही. आता दोन्ही एकदम उभं करा. पाइपचं वरचं टोक पाण्याच्या वर असल्यामुळे पाणी खाली होजमध्ये जात नाही. खुंट्या ठोका. खुंट्यांशिवाय दोरी ओढली की लाँचर आडवा होतो आणि रॉकेट बघ्यांकडे निघतं. टाचणीचा दोरा बांधा, चावी भरा, चिमटा काढा आणि मागे या.

पंप मारणारा आणि दोरी ओढणारा सहा मीटरवर, डोळ्यांवर गॉगल. बाकीचे १५ मीटरवर, सगळे उभे. बसलेल्या माणसाला चुकवायला वेळ लागतो. दाब आल्यावर कुणीही रॉकेटजवळ जायचं नाही, कॉलर तिरकी दिसली तरी नाही. बॉल व्हॉल्व्ह उघडा, गेज शून्यावर येऊ द्या, मग जा. पहिली दोन उड्डाणं २ बारवर करा. त्याला वर जायला वेळ कमी लागतो, म्हणून टायमर २ सेकंदांवर. तिसऱ्यापासून ३, मग ४ बार. ‘पाच, चार, तीन’ मोठ्याने मोजा, वर कुणी नाही ना ते बघा, आणि दोरी एका झटक्यात सरळ मागे ओढा. हळू ओढली तर काही डोकी आधी सुटतात आणि रॉकेट तिरकं निघतं.

उंची मोजायला कोनमापकाला दोरा आणि नट बांधून ओळंबा करा. लाँचरपासून ५० मीटरवर उभं राहून शेंड्याचा कोन घ्या. ४५ अंश आला तर ५० मीटर, ४० आला तर ४२. त्यात डोळ्यांची उंची मिळवा. दोन माणसांनी समोरासमोरून मोजलं तर वाऱ्याने वाकलेल्या मार्गाची चूक बरीचशी फिटते.

पाणी जास्त घातलं की उंची वाढते हा समज लवकर जातो. एक लिटर घातलं तर रॉकेट जड उठतं, हवेला जागा कमी राहते आणि शेवटचं पाणी ढकलायला दाब उरत नाही. २०० मिली घातलं तर पाणी लगेच संपतं आणि हवा फुकट जाते. ५०० ते ६५० च्या मध्ये आपल्या बाटलीचा आकडा शोधा, प्रत्येक वेळी दाब तोच ठेवून. दाब वाढवत सुटण्यापेक्षा यात जास्त मजा आहे. केपटाउन विद्यापीठाच्या रॉकेटने २०१५ साली ८३० मीटर गाठले, पण त्याची टाकी कार्बन फायबरची होती. आपली कोल्ड्रिंकची आहे.

शोधणं आणि तपासणं

उतरताना एकाने फक्त रॉकेटकडे बघायचं आणि ते जिथे टेकलं त्या दिशेला बोट रोखून उभं राहायचं, हलायचं नाही. दुसऱ्याने त्या बोटाच्या रेषेत चालत जायचं. सगळे एकदम धावले की उसात किंवा गुडघाभर गवतात रॉकेट अर्धा तास सापडत नाही. झाडावर अडकलं तर आंबे उतरवायचा झेला कामाला येतो. पॅराशूट न ओढता इलॅस्टिक पकडून ओढा. विजेच्या तारेवर अडकलं तर ते रॉकेट गेलं असं समजा. काठी, बांबू, दगड काही नाही. महावितरणला कळवा आणि नवीन बाटली प्या.

परत आल्यावर टाकी उजेडासमोर धरून बघा. पांढरी रेघ, चुण्या पडलेला भाग, तोंडाची टवका गेलेली कड, यातलं काहीही दिसलं तर बाटली बाद. काही दिसलं नाही तरी वीस उड्डाणांनंतर बाद करा, आणि प्रत्येक उड्डाणाची काडी बाटलीवरच मार्करने मारत चला, कारण तिसऱ्या रविवारपर्यंत आकडा कुणाच्याच लक्षात राहत नाही. नाक चेपलं असेल तर आतून बोटाने बाहेर काढून पुन्हा वापरता येतं. पंखा दुमडलेला असेल तर सनपॅकच्या नळीत उदबत्तीची काडी सारा. पॅराशूट रात्री दोरीवर वाळत घाला, ओलं गुंडाळून ठेवलं तर पुढच्या वेळी उघडायचं नाही.